लग्नाचे खिळे, दुःखाचे खिळे

वहिनी, परवा तुझं उत्तरकार्य झालं. माणसं बरीच आली. भात थोडा कमी पडला, तो शेजारून आणला. तू असतीस तर पहिला प्रश्न जेवणाचाच विचारला असतास, म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो. तुझा दुसरा प्रश्न पत्राचा असता. दुःखाचं पत्र कसं आलं, शाई कुठं जास्त झाली का, दाब सगळीकडे सारखा बसला का. त्याचं उत्तर जरा लांबलचक आहे. त्यासाठीच लिहायला बसलोय.

दादाशी लग्न होऊन तू किन्हवलीहून मुरबाडला आलीस, तेव्हा मी कॉलेजात नापास व्हायच्या तयारीत होतो. घरात मला नेमून दिलेलं असं काही काम नव्हतं. तुझ्याशी वाद घालणं हे एकच काम मी नियमाने केलं आणि ते शेवटपर्यंत सोडलं नाही. तू मला "भावजी" म्हणायचीस आणि वाद तापला की "ओ शहाणे भावजी" म्हणायचीस. त्यावरून मला कळायचं की आपली बाजू बरी चाललीय.

आपला छापखाना म्हणजे बाजारपेठेतली एक लांबट खोली. पुढे पायाने चालवायचं ट्रेडल मशीन आणि मागे भिंतीला टेकून खिळ्यांच्या केस. आजच्या पोरांना खिळे म्हटलं की भिंतीत ठोकायचे वाटतात. हे खिळे शिशाचे. प्रत्येकाच्या डोक्यावर एक उलटं अक्षर. केस म्हणजे त्यांची खणाखणांची लाकडी पेटी, एका अक्षराला एक खण. एकेक खिळा उचलून शब्द जुळवायचा, ओळी बांधायच्या, छापायचं, आणि छापून झालं की एकेक खिळा परत आपापल्या खणात टाकायचा. हे शेवटचं काम कुणालाच आवडत नाही. तुला आवडायचं. तू खिळे खणात टाकताना रेडिओ लावायचीस आणि अक्षराकडे न बघता, बोटाला लागेल तसं ते ओळखायचीस.

तुझी स्वतःची लग्नपत्रिकाही दादानेच जुळवलेली. त्यावर तुझं नाव यमुना होतं. लग्नात तांदळात सुनंदा लिहिलं गेलं, आणि यमुना तिथंच राहिली. घरात आल्यावर तू सासूला नमस्कार केलास आणि दुसऱ्याच दिवशी दादाला विचारलंस, "माझं नाव कुठल्या खिळ्यांत होतं, ते दाखवा ना." दादा लाजला. मी हसलो. आपलं पहिलं भांडण त्या हसण्यावरून झालं.

मग नदीघाटाचं प्रकरण झालं. तू त्यानंतर ते नाव काढू द्यायची नाहीस, पण आता मला अडवायला तू नाहीस.

किन्हवलीकडच्या एका गावात एकाच आठवड्यात एका घरचं दहावं आणि दुसऱ्या घरचं लग्न. दोन्ही कामं आपल्याकडे. दादाने आधी दुःखाचं पत्र छापलं. खालच्या ओळी, म्हणजे गाव, तालुका, जिल्हा, लग्नपत्रिकेलाही त्याच लागणार होत्या. बांधलेल्या ओळी कशाला मोडायच्या म्हणून त्याने त्या तशाच ठेवल्या आणि त्यांच्या वर लग्नाचा मजकूर चढवला. शहाणपणाच होता तो, सगळेच छापखानेवाले करतात. फक्त त्या ओळींच्या डोक्यावर अजून एक ओळ बसून राहिली होती. 'स्थळ : नदीघाट.' दहाव्याचं स्थळ. प्रूफ बघताना सगळे नवऱ्याचं नाव बघतात, नवरीचं बघतात, मामाचं तर तीनदा बघतात. स्थळ कोण बघतो? पत्रिका हळदकुंकू लावून वाटायला गेल्या.

मुलीचा बाप आला. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्याने पत्रिकांचा गठ्ठा मशीनवर ठेवला आणि पायरीवर बसून दादाला विचारलं, "माझ्या पोरीला कुठं बोलावलंत तुमी?"

नव्या छापून देतो, उद्याच देतो, असं काहीतरी दादा पुटपुटला.

"छापाल हो," तो माणूस म्हणाला. "पण अक्षरं तीच ना? मयताची."

तेव्हा तू आतून बाहेर आलीस. हातातला हिरवा चुडा अजून उतरला नव्हता. "नाय काका," तू म्हणालीस. "आजपासून लग्नाची अक्षरं येगळी. यात दुःखाचं कायबी छापणार नाय. मी सांगते तुमाला."

दादा तुझ्याकडे बघतच राहिला. छापखाना त्याचा, खिळे त्याचे आणि शब्द दिला बायकोने, तोही घरात येऊन पुरते सणवार झाले नव्हते तेव्हा. पण शब्द गेला तो गेला. दुसऱ्या दिवशी दादा जुने खिळे गोणीत भरून मुंबईच्या फाउंड्रीत घेऊन गेला. ते वितळवायला दिले आणि एकाच वळणाच्या अक्षराचे दोन नवे संच घेऊन आला. एक लग्नाची केस, एक दुःखाची. दुःखाची केस खालच्या लाकडी घोडीवर, जुन्या निळ्या लुगड्याच्या तुकड्याखाली. नव्या संचातली पहिली पत्रिका त्याच मुलीची निघाली.

मी तेव्हापासून तुझ्या मागे लागलो ते लागलो. म्हटलं, शिसं जुनंच वितळवून ओततात, मग मयत त्यात उरलंच की. तू म्हणालीस, "भट्टीतून गेलं ना? मग झालं." म्हटलं, पत्रिकेत 'कै. अमुक यांचे नातू' असं असतं, ते 'कै.' कुठल्या केसमधून घेतेस? तू मान वर न करता म्हणालीस, "आजोबा लग्नालाच आलेत ना? मग लग्नाच्या केसमधून."

ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. टोकावड्याच्या वरच्या पाड्यांवरून माणसं उतरायची, मधले छापखाने सोडून आपल्याकडे यायची. त्यांत बुधाबाबा पहिला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. तो नावं तोंडी सांगायचा, तू जुळवायचीस, आणि छापलेला कागद हातात आला की तो आधी उलटा करायचा. मागच्या बाजूने अंगठा फिरवायचा. ट्रेडलचा दाब बसला की अक्षर कागदाच्या पाठीला उमटतं, ते त्याच्या अंगठ्याला लागायचं. "हां, उठलंय," म्हणायचा. म्हणजे पत्रिका पास. आणि ऑर्डर देण्याआधी दर वेळी एकच प्रश्न: "पोरी, यातून मरणाचं काय गेलं नाय ना?"

तू हातातलं काम ठेवायचीस, त्याच्या तोंडाकडे बघायचीस आणि म्हणायचीस, "नाय."

मी म्हणायचो, वहिनी, एवढी दुप्पट मेहनत कशाला? दोन केस, दोनदा हात धुणं, एक खिळा इकडचा तिकडे जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल. त्यापेक्षा सरळ एका केसमधून छाप आणि विचारलं की 'नाय' म्हण. कुणाला कळणार आहे? खिळ्याच्या कपाळावर थोडंच लिहिलंय?

"तुझा तरी विश्वास आहे का यावर?" मी एकदा खोदून विचारलं.

"माझा नाय," तू म्हणालीस. मला हे अपेक्षित नव्हतं. "शिसं ते शिसं. पण ज्याच्या घरचं लगीन, त्याचा हाय. आणि नाय म्हणायला काय, कुणीबी म्हणंल. मला ते खरं म्हणायचंय."

मी तुला भाबडी समजत होतो. तू भाबडी नव्हतीस, हट्टी होतीस. भाबड्या माणसाशी वाद घालणं सोपं असतं.

काही वर्षांनी एक गंमत झाली, आणि ती आधी माझ्याच लक्षात आली. दुःखाचं पत्र निघायचं थोडं, भावकीच्या माणसांपुरतं. लग्नपत्रिका गावंच्या गावं जेवायला बोलवायच्या. त्यामुळे लग्नाची केस झिजली. रफार आणि वेलांट्या खिळ्याच्या बाहेर डोकावतात, त्या आधी मोडल्या. मग 'म'चं पोट सुटलं, 'क'ची शेंडी गेली, 'श्री' नुसता शाईचा ठिपका दिसायला लागला. आणि दुःखाची केस नव्यासारखी. एकाच वळणाचं अक्षर, एकाच दिवशी ओतलेलं, पण मयताचं पत्र बघावं तर काय देखणं! रेघ न् रेघ कापल्यासारखी. मी तुला म्हटलं, "मुरबाड तालुक्यात चांगलं छापून यायचं असेल तर मेलंच पाहिजे."

तू एवढी हसलीस की हातातल्या जुळवायच्या पट्टीतली ओळ सांडली. "थांबा, तुमचं पत्र मीच जुळवीन," म्हणालीस. "एकदम देखणं."

मी तेव्हा सुचवलंही, की अदलाबदल करू. दुःखाच्या केसला लग्नाची म्हणू. तू नुसतं बघितलंस, मी विषय बदलला. आणि तुला ती झिजलेली अक्षरं आवडतही होती. तू म्हणायचीस, नवं अक्षर टोचतं, झिजलं की मऊ होतं. मला हे पटायचं नाही. अक्षराचं काम वाचता येणं, मऊ असणं नव्हे. हा वाद आपण कितीदा घातला आणि कितीदा चहा गार झाला, त्याचा हिशेब नाही.

पुढे मी कल्याणला जाऊन डीटीपी शिकलो आणि शहापूरला एसटी स्टँडजवळ कॉम्प्युटर घेऊन बसलो. तू उद्घाटनाला आलीस, नारळ फोडलास, खुर्ची फिरते का ते बघितलंस. माझ्याकडे अक्षरांच्या पन्नास तऱ्हा होत्या. फुलांच्या, सावलीच्या, वळणदार. गिऱ्हाईक आधी शहापूरचं वळलं, मग किन्हवलीचं, मग मुरबाडचंही. मी दादाच्या पोटावर पाय दिला असं नातेवाईक म्हणाले. तू तसं कधी म्हणाली नाहीस. तू म्हणायचीस, "भावजींची लाइट गेली की येतील इकडंच." आणि भावजी यायचे! लग्नसराईत भारनियमन असायचं, सकाळी गेलेली वीज दुपार टळली तरी येत नसे, आणि मी घाईचं काम घेऊन शहापूरहून मुरबाडच्या गाडीत बसायचो. तुझं मशीन पायावर चालत होतं. तू मला बसायला स्टूल द्यायचीस आणि काही न बोलता काम करायचीस. ते न बोलणं फार बोचायचं.

मग मला तो फॉन्टचा छंद लागला. म्हटलं, तुझ्या लग्नाच्या केसमधली अक्षरं मोडीत जायच्या आत कॉम्प्युटरवर घ्यावीत. जुन्या पत्रिका स्कॅन केल्या, एकेक अक्षर माउसने कोरलं, झिजलेलं होतं तसं झिजलेलं ठेवलं. दुकान बंद करून करायचो. त्या पन्नास तऱ्हांपेक्षा या एका तऱ्हेत मला जास्त गोडी वाटत होती, हे मी कुणाला सांगितलं नाही. पहिली पत्रिका छापली आणि तू माहेरी आलेली असताना दुकानात डोकावलीस तेव्हा तुझ्या हातात दिली.

तू आधी ती उलटी केलीस. मागून अंगठा फिरवलास. "हितं तर कायच नाय," म्हणालीस. ते मला माहीतच होतं. मग सुलटी करून तू ती खूप वेळ वाचत राहिलीस. मला वाटलं, गहिवरली. तू म्हणालीस, "हा क बघा. आणि हा क. आणि हा. सगळे एकाच जागी मोडलेत."

"एकाच अक्षराचे आहेत ते," मी म्हटलं. "फॉन्ट असाच असतो."

"केसमध्ये असं नसतं हो. प्रत्येकाचं दुखणं येगळं."

मी चिडलो. म्हटलं, मग काय शंभर क काढू? तू म्हणालीस, शंभर कशाला, चार तरी काढा. आणि गाडी चुकेल म्हणून निघून गेलीस.

वहिनी, मी ते काढले. चार क काढले, तीन म, दोन तऱ्हेचे र. एका ओळीत तोच क लागोपाठ येऊ नये अशी सोयही केली. तुला दाखवायचं राहिलं. आधी तुझ्या तोंडून 'बघा, सांगत होते ना' ऐकायची तयारी नव्हती. मग तू आजारी पडलीस, आणि दवाखान्यात कॉटशेजारी बसून 'क' काढून दाखवणं बरं दिसलं नसतं. तू मात्र तिथंही भिंतीवरच्या पाट्या वाचत पडलेली असायचीस. एकदा म्हणालीस, "भावजी, या 'शांतता राखा'तला ख किती वाईट हाय." शेवटच्या दिवसांत तुझ्याशी मी जे बोललो, ते एवढंच. त्या ख-बद्दल आपलं एकमत होतं.

आता पत्राचं सांगतो.

तुला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दादा छापखान्यात गेला. मी मागोमाग गेलो. पत्र माझ्या कॉम्प्युटरवर छापू, हे मी बोललोसुद्धा नाही. दुपारची वेळ होती, ट्रेडलवरची ताडपत्री त्याने काढली, तेलाचे दोन थेंब सोडले, आणि जुळवायची पट्टी हातात घेऊन लग्नाच्या केससमोर उभा राहिला.

"दादा, ती नको," मी म्हटलं.

तो वळला नाही. "तिचं पत्र तिच्या खिळ्यांत काढणार. बोटं लागल्यात तिची यांना. त्या दुसऱ्या केसला तिने जेमतेम हात लावलाय. तसल्या परक्या अक्षरांत तिचं नाव घालू?"

खरं होतं त्याचं. मलाही तेच वाटत होतं. तुला ती मऊ अक्षरं आवडायची, आणि या पत्राला ती शोभली असती. लग्नाच्या ऑर्डरी आता येतात तरी किती? वरच्या पाड्यांवरून वर्षाकाठी एखाददुसरी. तेवढ्यासाठी कोण विचारणार होतं?

"तिने शब्द दिलाय," मी म्हटलं.

"तू बोलतोस हे? जन्मभर हसलास तिला."

"हसलो. पण बुधाबाबा येऊन विचारेल, तेव्हा 'नाय' कोण म्हणणार?"

दादाने पट्टी खणावर आपटली. खणातले खिळे हादरले. मग तो त्या केससमोर तसाच उभा राहिला, एक हात त्यात घालून, तांदळात घालावा तसा. मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो, जिथं तो किन्हवलीकडचा मुलीचा बाप बसला होता. आत निळं लुगडं बाजूला केल्याचा आवाज आला, तेव्हा परत गेलो.

दादाच्या डोळ्यांना आता बारीक दिसत नाही. तो ओळी सांगत गेला, मी जुळवत गेलो. मी फार हळू आहे, तू असतीस तर उचकली असतीस. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की' एवढं जुळवायलाच माझा चहा गार झाला. मग तुझं नाव आलं. 'कै. सौ. सुनंदा.' ते जुळवताना लक्षात आलं की तुझं हे नाव आपल्या छापखान्यात पहिल्यांदाच छापलं जातंय. पत्रिकेत यमुना होती. पावत्यांवर, पाटीवर, 'मुद्रक' म्हणून सगळीकडे दादा. तालुक्यातल्या सगळ्यांची नावं तू जुळवलीस आणि तुझं कुठंच नव्हतं.

पहिला कागद निघाला. काय देखणा आला होता! रेघ न् रेघ कापल्यासारखी. माझाच विनोद माझ्यासमोर ओला पडला होता, आणि 'मीच जुळवीन' म्हणणारी त्यात होती. मी कागद उलटा केला आणि मागून अंगठा फिरवला. 'नं'वरचा अनुस्वार कागदात रुतला होता, तो पाठीला टोचला. मी रडलो, वहिनी. दादा नाही रडला, तो पुढचा कागद लावत होता.

परवा जेवणं आटोपल्यावर बुधाबाबा थांबला. थकलाय तो. कोपरा फाडलेलं तुझं पत्र त्याने खिशातून काढून दाखवलं. घरात नेलं नव्हतं, वळचणीला खोचून ठेवलेलं. "उठलंय चांगलं," म्हणाला. मग घुटमळला. नातीचं लगीन ठरलंय, तुमचं दुःख ताजं हाय, पण कागूद तर इथूनच न्यायचा, असं अडखळत बोलला. आणि पत्राकडे बघत म्हणाला, "एक इचारू? पोरीवर जीव व्हता तुमचा. जीव असला की माणूस इचार करीत नाय. हा कागूद लगनाच्या खिळ्यांतून तर नाय ना काढला?"

दादा माझ्याकडे बघत होता. मी हातातलं ताट खाली ठेवलं.

"नाय," मी म्हणालो.

त्याच्या तोंडाकडे बघून म्हणता आलं, वहिनी.